भिवजी बसला त्या दगडापर्यंत

आमच्या घराण्यात मी बोलका म्हणून प्रसिद्ध आहे. लग्नात रुसलेल्या मावशीला पंगतीत आणून बसवणं, वर्षानुवर्षं अबोला धरलेल्या दोघा भावांना एकाच रिक्षात कोंबणं, अशी कामं माझ्याकडे येतात. ती होतातच असं नाही. पण मी मध्ये पडलो की दोन्ही बाजूचे लोक आपलं भांडण सोडून माझ्यावर चिडतात, आणि त्यातून बऱ्याचदा समेट होतो. त्यामुळे मे महिन्यात रमेशचा फोन आला तेव्हा मला आश्चर्य वाटलं नाही. थकवा मात्र फोनवरच आला.

"दादा, आबांना खाली आणायचंय. तुम्ही या. आमचं ऐकत नाहीत."

रमेश माझा चुलत-चुलत भाऊ. लोणावळ्याला लागून असलेल्या कुसगावात राहतो आणि घराच्या तीन खोल्या पर्यटकांना देतो. आबा म्हणजे त्याचे वडील. ते राहतात आमच्या मूळ वस्तीवर, वडिवळ्याच्या धरणाच्या वरच्या डोंगरात. त्या जागेला भिवाचं पठार म्हणतात. भिवजी हा आमचा मूळपुरुष. सहा-सात पिढ्यांपूर्वी तो बायकोला घेऊन त्या रानात गेला, झाडी तोडून भाताची खाचरं केली आणि वंश वाढवला. त्या वंशातला माझा आजोबा पुढे कारखान्यात लागला आणि पुण्याला आला. म्हणून मी आज दुसऱ्या मजल्यावर लिफ्टनं जातो.

पठारावर चार घरं उरली होती. गेल्या पावसाळ्यात घरांमागच्या उताराला भेग पडली. तीन घरांतली माणसं सामानसुमान घेऊन खाली रस्त्याकडेला राहायला आली. चौथ्या घरात आबा आणि त्यांची म्हैस. पुढचा पाऊस तोंडावर आलेला.

"पोलीसपाटील दोनदा सांगून आले," रमेश म्हणाला. "दुसऱ्या वेळी आबांनी त्यांना ताक पाजलं आणि वाटेला लावलं."

"मग मला काय पाजतील?"

"तुम्ही बोलता छान, दादा," रमेश म्हणाला. कामाला माणूस अडकवायचा तर असंच अडकवतात.

घोरावाडी, बेतात नसलेला मुक्काम

लोणावळ्याच्या गाडीत मला खिडकी मिळाली आणि तिथंच घात झाला. आबांपुढे करायचं भाषण मी मनातल्या मनात जुळवायला घेतलं. सुरुवात इतकी छान जमली, की ती ऐकता ऐकता मला झोप लागली. गाडीच्या झटक्यानं डोळे उघडले तेव्हा आजूबाजूची माणसं उतरत होती. सगळे उतरताहेत म्हणजे आपलंही इथं काहीतरी असणार, असं धरून चालायची मला जुनी खोड आहे. मीही उतरलो. गाडी गेली, माणसं पांगली, आणि लोणावळ्याला उतरायचं सोडून मी घोरावाडीच्या फलाटावर उभा होतो.

बाकावर एक बाई जांभळांची पाटी घेऊन बसली होती.

"मावशी, लोणावळ्याची पुढची गाडी?"

"आता दुपारच्याला. मदी न्हाई."

ऊन असं होतं की रुळांकडे बघवत नव्हतं. मी बाईच्या शेजारी, पाटीपासून सभ्य अंतर ठेवून बसलो आणि वेळ सत्कारणी लावायचा म्हणून भाषणाची तालीम सुरू केली. हळू आवाजात करतोय असं मला वाटत होतं.

"आबा, घर म्हणजे काय नुसत्या चार भिंती? घर म्हणजे माणसं. माणसं जिथं, तिथं घर."

"कुनाला सांगायचंय ह्ये?" बाईनं विचारलं.

"आमच्या काकांना. म्हातारे आहेत. डोंगरावरून खाली आणायचंय त्यांना."

बाईनं जरा विचार केला. "मंग ह्ये नका सांगू. येनार आसंल तर बी यायचा न्हाई."

तिनं पानावर जांभळं दिली आणि पैसे घेईना. भाषण करणाऱ्या माणसाची कीव येत असावी. मी चार खाल्ली आणि उरलेली नंतर खाऊ म्हणून खिशात ठेवली. दुपारची गाडी येईपर्यंत शर्टाचा खिसा जांभळा झाला होता आणि भाषणातून घर, भिंती आणि माणसं गाळल्यावर फक्त "आबा" एवढाच शब्द उरला होता.

कुसगाव

लोणावळ्याच्या स्टेशनवर रमेश गाडी घेऊन उभा होता. माझ्या खिशाकडे बघून तो घाबरला. त्याला रक्त वाटलं. सुट्टीतला लोणावळा मी वर्णन करून सांगत नाही. अर्धं पुणं आणि अर्धी मुंबई थंड हवेसाठी तिथं येऊन एकमेकांच्या गाड्यांचा धूर घेत होती. चिक्कीच्या एकाच दुकानासमोर आम्ही इतका वेळ अडकलो, की दुकानदारानं आम्हाला ओळख दाखवायला सुरुवात केली.

रमेशच्या घराच्या दर्शनी भिंतीवर आमचा मूळपुरुष रंगवलेला आहे. भिवजी उभा. एका हातात तलवार, दुसऱ्यात मशाल, पायाखाली वाघ. वाघाचा चेहरा फार प्रेमळ होता. पेंटरचा हात बहुधा मांजरांवर बसलेला असावा. भिवजीचा चेहरा रमेशचा होता, फक्त मिशा जास्तीच्या.

"गेस्ट लोकांना स्टोरी लागते, दादा," रमेश म्हणाला. "भिवजी लढवय्या होता. एकट्यानं वाघ मारला आणि जंगल ताब्यात घेतलं."

"वाघ मारला म्हणं," आतून सुमनचा आवाज आला. सुमन रमेशची बायको. तिचं माहेर पलीकडच्या खोऱ्यातलं, आणि सासरच्या वंशाबद्दल तिला फारसा आदर नाही. "त्याच्याच घरातल्यांना न्हाणीत पाल निघाली की बायकोला हाक मारावी लागती."

मग तिनं मला एक खोली दाखवली. घरातली सगळ्यात चांगली, डोंगराकडे खिडकी असलेली. गिऱ्हाइकं दारातून परत जात होती, पण ती खोली दोघांनी आबांसाठी सुट्टीभर रिकामी ठेवली होती. नवी चादर, उंच पलंग, टोपीसाठी भिंतीला खिळा. बाहेर गाड्या लावायच्या जागेत म्हशीसाठी पत्र्याचं छप्पर आणि गव्हाण केलेली. पलीकडच्या खोलीतल्या पाहुण्यांनी विचारलं होतं म्हणे, की हे सेल्फी पॉइंट आहे का.

"दादा," रमेश खिडकीशी उभा राहून म्हणाला, "गेल्या पावसाळ्यात एकदा असा कोसळला, की रात्रभर मी हितंच बसून होतो. वरचा फोन लागेना. उजाडल्यावर धावत वर गेलो, तर आबा धार काढत होते. मला म्हणाले, चहा घेनार का. मला रडायलाच आलं. परत तशी रात्र नको मला."

मी जेवायला बसलो.

पुण्यात आम्ही भात म्हणून जे खातो ते दाणे असतात. सुमनचा इंद्रायणी भात पानात पडला तसा सगळ्या घरात वास सुटला, आणि तो गिळगिळीत न होता मऊ कसा राहतो हे विचारायचं मी तीनदा ठरवलं आणि तिन्ही वेळा तोंडात भात होता. बरोबर सुक्या बोंबलाचं कालवण आणि तांदळाची भाकरी. उद्या डोंगर चढायचा आहे हे मला माहीत होतं. पण माहीत असून जेवणं ही आमच्याकडची परंपरा आहे.

वडिवळ्याच्या वर

सकाळी रमेशनं आम्हाला रस्ता संपतो तिथं सोडलं आणि तो गाडीजवळच थांबला. आबांनी त्याला बजावलं होतं, खाली चल म्हणायला येणार असशील तर येऊच नको. त्यामुळे वर निघालो सुमन आणि मी. सुमनच्या डोक्यावर पीठ, साखर, चहा, कांदे आणि म्हशीच्या पेंडीचं पोतं. माझ्या हातात छत्री.

धरणाचं पाणी पार तळाला गेलं होतं आणि कडेचा गाळ फुटक्या मडक्यासारखा तडकला होता. खाचरांत ठिकठिकाणी भाताच्या रोपांसाठी पालापाचोळा जाळून राब भाजल्याचे काळे तुकडे. पाऊस येईपर्यंत इथली सगळी जमीन अशी काळी-पिवळी होऊन वाट बघते. पुण्यात आम्ही पावसाची वाट बघतो ती भजी तळायला. इथं आधी जमीन भाजतात.

पहिला चढ संपताच मी एका दगडावर बसलो.

"उटा भाऊजी," सुमन म्हणाली.

दुसऱ्या वळणावर दुसरा चांगला दगड होता.

"उटा की भाऊजी. ऊन डोक्यावर यील."

करवंदीच्या जाळीपाशी, हिरड्याच्या झाडाखाली, गुरांच्या पाणवठ्याशी मी बसत गेलो आणि सुमन उठवत गेली. एका ठिकाणी ती पेंडीच्या पोत्यासकट माझ्यासमोर उभी राहून म्हणाली, "आबांना खाली आनायला तुमाला वर न्यायचं, आन तुमाला वर न्यायला कुनाला आनू?"

मध्ये ठाकरवाडी लागली. पहिल्याच झोपडीच्या दारात चिमामावशी करवंदं निवडत होती. आबांच्याच वयाची, बारकी, डोळे हसरे. मी हाशहुश करत कुडाला टेकलो तशी ती म्हणाली, "कोनाचं तुमी?"

"भिवजीच्या घरातला. पुण्याचा."

"आसं व्हय! मंग तुमाला पानी द्यायलाच पायजे." आणि ती आणि सुमन दोघी हसल्या. का, ते मला कळलं नाही. तांब्याभर गार पाणी प्यायलो आणि विनोद समजल्यासारखं हसलो.

ठाकरवाडीच्या वर चढ अंगावर येतो. तो संपतो तिथं, पठाराच्या तोंडाशी, एक रुंद काळा दगड आहे. वरून गुळगुळीत, मागे टेकायला थोडा उंचवटा. असा दगड बघून बसणार नाही तो माणूस नाही. मी बसलो. बूट काढले. मोजे काढून दगडावरच वाळत घातले. आता सुमन म्हणेल, मग म्हणेल, म्हणून वाट बघितली. ती काही बोलली नाही. पोतं खाली ठेवून समोर उभी राहिली. अखेर ही बाई दमली, असं मला वाटलं, आणि त्या समाधानात मी डोळे मिटले.

किती वेळ गेला कोण जाणे. जागा झालो तरी ती उभीच. मग लाज वाटून मी उठलो. पाय जमिनीला लागायचा अवकाश, तिनं तोंड सोडलं.

"लय झोपलात! निजायला हीच जागा घावली? मोजं वाळत घातलं! म्हस तरी बरी!"

"मग आधी उठवायचं नाही का?"

"ह्या दगडावर बसलेल्याला उट म्हनायचं नस्तं." ती पोतं उचलत म्हणाली. "मी लगीन होऊन आले तवा सासूबाईंनी मला हितं बसवलं आन वर निघून गेल्या. मी दिवस कलेस्तोवर रडत बसले. कुनी उट म्हनलं न्हाई. मंग माझा मलाच कंटाळा आला, उटले आन वर गेले."

"पण असं का?"

"आबांना इचारा. तुमाला बोलाया तेवढंच हुईल."

भिवाचं पठार

तीन घरांवर कौलं नव्हती. माणसं जाताना काढून घेऊन गेली होती. चौथ्या घरासमोरचं अंगण मात्र आत्ताच सारवल्यासारखं. आबा म्हशीच्या पाठीवरून हात फिरवत उभे होते. माझ्याकडे त्यांनी खालपासून वरपर्यंत बघितलं.

"आलास वसंता? बोलाय आलायस का बसाय?"

"बसायला," मी म्हणालो. त्या क्षणी ते शंभर टक्के खरं होतं.

आबांनी नाचणीची भाकरी आणि दुधातला पिठल्यासारखा काहीतरी पांढरा पदार्थ पुढे केला. तो काय होता हे मी विचारलं नाही. दुसऱ्यांदा मागून घेतला. जेवताना मी सहज विचारल्यासारखं भिवजीच्या तलवारीचं विचारलं.

"तलवार?" आबांचा घास हातातच राहिला. "कुनाची? भिवा भावाशी भांडून निघालता. भाऊ म्हनला, उट हितनं. ह्यो उटला. बायकूच्या डोईवर जातं, ह्याच्या खांद्यावर कोयता. डोंगर वलांडून कोकनात जायचं हुतं. दगडापतूर आला आन दमला. बसला."

"आणि वाघ?"

"वाघाला काय काम न्हाई? ठाकराची एक बाय आली. चिमाची पणजी का खापरपणजी, आसलं कुनीतरी. तिनं पानी दिलं, भाकर दिली. कवा जानार म्हनून इचारलं न्हाई. दुसऱ्या दिशी बी ह्यो तितंच. तवा बी न्हाई इचारलं. मंग भिवा ऱ्हायला." आबा घास तोंडात घालून म्हणाले, "त्यानंच सांगून ठिवलं, ह्या दगडावर बसंल त्याला कुनी उट म्हनायचं न्हाई. आन नवं भात झालं की पयलं चिमाच्या घरी जातं, ते तवापास्नं."

मी भाकरी खाली ठेवली. लहानपणापासून मला सांगण्यात आलं होतं की तू घराण्याला शोभत नाहीस. आणि हा माणूस तर चक्क दमला म्हणून बसला होता! रानात पहिलं पाऊल टाकणारा म्हणून आम्ही ज्याच्या मिशा रंगवल्या, त्याच्या आधी तिथं पाण्याचा तांब्या घेऊन एक बाई उभी होती. भिवजीचं रक्त अंगात आहे असं मला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं, विशेषतः पोटऱ्यांत.

"आबा, मग तुम्हीही आता—"

"झालं सुरू." त्यांनी हात धुतले. "वसंता, तुजा आजा पुण्याला गेला, तवा माजा बाप हितं बसल्याला हुता. रम्या कुसगावला गेला, तवा मी हुतो. मागं कुनीतरी हुतं म्हून जानारा गेला. आता मी उटलो की मागं कोन? मी उटलो म्हंजी भिवाच उटला."

आवाज चढला नाही, काही नाही. चुलीत लाकूड सारावं तसं त्यांनी ते सांगितलं. सुमन भांडी घासायला घेऊन गेली. खरं तर मी तेव्हाच गप्प बसायला हवं होतं. पण आपल्याला एका कामासाठी बोलावलंय, भात खाऊ घातलाय, याचं ओझं होतं. आणि गाळून गाळून उरलेल्या भाषणात मला चढावर एक नवं वाक्य सुचलं होतं.

भाषणाला जरा मोकळी जागा बरी, म्हणून मी घराच्या मागच्या अंगणात गेलो. तिथं एक लांबलचक पट्टा छान सारवलेला होता, पुढच्या अंगणापेक्षाही गुळगुळीत. आबा मागोमाग आले. मी पट्ट्यावर उभा राहिलो, उताराकडे हात केला आणि म्हणालो, "आबा, जमीन माणसाशी बोलत असते. आपण फक्त—"

आणि जमीन बोलली. माझा उजवा पाय मांडीपर्यंत आत गेला.

ते अंगण नव्हतं, ती भेग होती. आबांनी कारवीच्या काठ्या आडव्या घालून, वर माती लोटून ती शेणानं सारवून टाकली होती. भिंतीला तडा गेला की लिंपतात, तसा डोंगर लिंपला होता. दर आठ-पंधरा दिवसांनी हात फिरवत असणार. मी ओरडलो, सुमन खरकट्या हातांनी धावत आली, आणि एक इकडून, एक तिकडून असं करून दोघांनी मला मुळा उपटावा तसा वर काढला. गुडघा पिरगळला होता. चप्पल घालून आलो असतो तर ती तिथंच राहिली असती; बूट तेवढा परत आला.

"लागलं का रं?" आबांनी विचारलं. पण ते माझ्याकडे बघत नव्हते. त्यांनी हातातली काठी त्या भोकात सोडली. हाताएवढी गेली, काठीएवढी गेली, खांदा जमिनीला टेकला तरी टोकाला काही लागेना.

"दिवाळीत भरली, तवा येवढी नव्हती," ते म्हणाले.

सुमननं तोंड उघडलं आणि मी तिला डोळ्यांनी गप्प केलं. आयुष्यातलं माझं सगळ्यात चांगलं भाषण ते.

आबांनी काठी वर ओढून घेतली. मग उठले, घरात गेले, डोक्यावर टोपी घालून बाहेर आले. दाराला कडी लावली. म्हशीचं दावं सोडलं.

"चल," मला म्हणाले. "लंगडा झालास. तुला दगडापतूर सोडतो."

"आणि म्हैस?"

"ती येती पाय मोकळं करायला."

दगड

एका बाजूनं आबा, दुसऱ्या बाजूनं सुमन, मध्ये मी, पुढे म्हैस, अशी आमची मिरवणूक दगडापाशी आली. आबांनी मला दगडावर टेकवलं. मग काय मनात आलं, शेजारी स्वतःही बसले.

सुमननं वरून खाली फोन केला होता. रमेश धापा टाकत चढून आला. बापाला दगडावर बसलेलं बघितलं आणि त्याचे पाय जागच्या जागी थांबले. तोंड उघडं. सुमननं त्याचं कोपर घट्ट धरलं.

इथून खाली ठाकरवाडी, गाडी, कुसगाव, डोंगराकडे खिडकी असलेली खोली. वर दाराला कडी लावलेलं घर आणि ती भेग. आबा मध्ये, गुडघ्यांवर हात ठेवून. म्हातारा उठला असता आणि परत वर गेला असता, तर त्या पावसाळ्यात त्याला कुणी हलवू शकलं नसतं. हे रमेशला कळत होतं, सुमनला कळत होतं, आणि दगडावर बसलेल्याला उठ म्हणायची सोय नव्हती. जन्मभर बोलून दमलेला मी, आणि ऐन वेळेला एक शब्द वापरता येईना.

चिमामावशी तांब्या घेऊन वर आली. तिला कुणी बोलावलं नव्हतं. आबांना तिनं पाणी दिलं, ते प्यायले. मला दिलं, मी प्यायलो. मग तीही उभी राहिली. ऊन डोंगराच्या पलीकडे कलायला लागलं. रमेशनं तोंडावरून हात फिरवला. लहान असताना मार खाण्याआधी तो असाच उभा राहायचा.

तेवढ्यात मला मुंगळे चावले.

सांगायला लाज वाटते, पण खरं तेच. दगडाच्या फटीत मुंगळ्यांची रांग होती आणि मी नेमका रांगेवर होतो. मी झटक्यात उठायला गेलो. गुडघ्यानं नकार दिला. मी अर्धवट वाकलेला, एक हात हवेत, एक मागे, पाय वळचणीला टांगलेल्या पेरणीच्या पाभरीसारखा.

"आबा! हात द्या हो!"

सुमनचे डोळे मोठे झाले. रमेशनं श्वास ओढला. आबांनी सावकाश माझ्याकडे मान वळवली.

"बसल्या जाग्यावनं हात कसा देऊ?"

"ते तुम्ही बघा! मी काही म्हणत नाही!"

"लबाड हायस."

"गुडघा धरलाय हो आबा! आणि मुंगळे आहेत! आई गं!"

"भिवाच्या खांदानात तुज्याइतका दमल्याला त्याच्या माघारी तूच," आबा म्हणाले, आणि उठले. दोन्ही हातांनी मला धरून ओढलं. मी उताराच्या बाजूला होतो आणि माझं वजन बोंबलाच्या कालवणासकट होतं. सुटलो तो त्यांना घेऊनच सुटलो. आम्ही दोघं एकमेकांना धरून चार-पाच पावलं धडपडत खाली आलो आणि करवंदीच्या जाळीत अडकून थांबलो.

आबांनी माझा हात सोडला, सदरा झटकला आणि मागे वळून दगडाकडे बघितलं. दगड मोकळा होता. असा मोकळा तो याआधीही कितीतरी वेळा असेल. पण आबांनी तो पहिल्यांदाच बघितल्यासारखा बघितला. मग वर बघितलं. घराचा एक कोपरा दिसत होता.

"चिमे," ते म्हणाले.

"काय?"

"बस हितं."

"मी?"

"मंग कोन? मानसं दमली की पानी तूच देनार. तुज्या पणजीला भिवानं बस म्हनलंच न्हाई. तवाधरनं तुमी हुब्याच."

चिमामावशीनं तांब्या कमरेवर घेतला. "येवढ्या पिढ्या हुबं ठिवलं, आन आता म्हनतोस बस! लवकर आठीवलं रं तुला!" पण ती गेली, पदर सावरला, मुंगळ्यांची रांग चुकवून नीट मधोमध बसली आणि तांब्या मांडीवर ठेवला. दोन्ही हातांनी दगड चाचपून बघितला.

"आता मला कुनी उट म्हनायचं न्हाई बरं का," ती म्हणाली.

"कोन म्हनतंय," आबा म्हणाले. "आदनंमदनं येत जा. मोकळा नगं ठिवू."

म्हैस केव्हाच पुढे निघून ठाकरवाडीपर्यंत पोचली होती. तिला कुणी काही विचारलं नव्हतं.

पुन्हा कुसगाव

उतरताना मी किती वेळा बसलो ते लिहीत नाही. यावेळी सुमननं एकदाही उठा म्हटलं नाही. रमेशनं पाठुंगळी घेतो म्हटल्यावर मात्र मी आपण होऊन उठलो. म्हशीला रस्त्यानं चालवत आणायला चिमामावशीचा जावई तयार झाला.

कुसगावला पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. पलीकडच्या खोलीतले पाहुणे अंगणात कोळसे पेटवत होते. आबा गाडीतून उतरले. खोलीकडे बघितलं नाही, पत्र्याच्या छपराकडे बघितलं नाही. थेट भिंतीसमोर जाऊन उभे राहिले.

"ह्यो कोन?"

रमेश माझ्याकडे बघायला लागला. मी गुडघ्याकडे बघायला लागलो.

"भिवजी," रमेश म्हणाला.

आबांनी तलवार बघितली. मशाल बघितली. वाघाच्या तोंडाशी जरा वाकले, पण त्याला काही बोलले नाहीत. मग पुन्हा वर, त्या उभ्या माणसाकडे.

"कवापास्नं हुबा हाय ह्यो?"

"चित्र आहे, आबा. दोन वर्षं झाली काढून."

आबांनी टोपी काढली, आतला घाम पुसला आणि परत घातली.

"दमला आसंल, रम्या," ते म्हणाले. "उद्या त्या रंगाऱ्याला बलीव. दगड काडाय लाव त्याच्याखाली. बसव त्याला."